‘पुसतक’ लिहिणारं डोकं

अमेरिकेतली एक आई पुस्तक वाचण्यात इतकी गढली होती की पाच वर्षांच्या मुलाच्या हाका तिच्या कानावरच पडत नव्हत्या. मुलानं शेवटी रबरी शिक्के घेतले, कागदावर चार इंग्रजी अक्षरं उमटवली आणि तो कागद आईपुढे धरला. अक्षरं होती आर, यू, डी, एफ. एकदा मोठ्यानं म्हणून बघा. ‘आर यू डेफ?’ तू बहिरी आहेस का?

आई होती ग्लेन्डा बिसेक्स. मुलाला झापायचं सोडून तिनं तो कागद जपून ठेवला. पुढे त्याच्या लिखाणाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तिनं दाखवून दिलं की पोरानं केलं होतं ते सोपं नव्हतं. ‘आर’ आणि ‘यू’ या दोन अख्ख्या शब्दांसाठी त्यानं त्या-त्या नावाची अक्षरं वापरली. ‘डेफ’साठी ‘डी’ घेतला आणि पुढे ‘एफ’ ठेवला, कारण ‘एफ’ म्हणताना त्याच्या पोटातला ‘ए’ आपोआप ऐकू येतो. हे त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. शाळेच्या फूटपट्टीनं मोजलं, तर तीन शब्दांचं स्पेलिंग, तिन्ही चूक, गुण शून्य.

लहान मुलांचं लिखाण तपासणं हे म्हणूनच जगातल्या सर्वांत रंजक कामांपैकी एक आहे. फक्त ते सहसा उलट्या बाजूनं केलं जातं. आपण चुका मोजतो. पण सहा-सात वर्षांचं मूल क्वचितच वाटेल तसं चुकतं. ते एखादा नियम तयार करतं आणि तो इमानदारीनं पाळतं. कधीकधी तर आपल्यापेक्षाही जास्त इमानदारीनं! तो नियम कोणता, हे त्या कागदावरून ओळखणं म्हणजे तपासणं. चला, एकेक कागद उलगडू.

सुरुवात अगदी मुळापासून, म्हणजे मुलाला एकही अक्षर येत नसतं तिथपासून करू. १९२९ साली सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी एक भलताच प्रयोग प्रसिद्ध केला. लिहिता न येणाऱ्या लहान मुलांना त्यांनी काही वाक्यं सांगितली. सगळी लक्षात राहणार नाहीत, इतकी. आणि म्हणाले, विसरू नयेत म्हणून लिहून ठेवा! मुलांनी काय केलं असेल? अगदी लहानांनी मोठ्या माणसांसारखा हात चालवत एकसारख्या नागमोडी रेघा ओढल्या. काही जण तर वाक्य संपायच्या आतच ‘लिहून’ मोकळे झाले. त्या रेघांचा आठवायला काडीचा उपयोग नव्हता.

पण एका मुलानं रेघोट्या कागदावर ठरावीक जागी मारल्या. एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, एक मध्ये. आणि नंतर प्रत्येक रेघोटीवर बोट ठेवून त्यानं बरोबर तेच वाक्य म्हणून दाखवलं! रेघोट्या सगळ्या सारख्याच होत्या. फरक फक्त जागेचा. कागदावरची खूण डोक्यातल्या गोष्टीची आठवण करून देऊ शकते, हा लेखनाचा पाया त्या पोरानं स्वतःच घातला. पुढची पायरी लुरियांना दिसली ती आकड्याची आणि रंगाची. वाक्यात संख्या आली की खुणांची संख्या बदलायची. धुराड्यातून काळाकुट्ट धूर येतोय म्हटलं की रेघ गडद, दाबून मारलेली. अक्षराचा पत्ता नाही आणि लेखन मात्र सुरू झालेलं.

म्हणजे बालवाडीतल्या कागदावर आपण गिचमिड म्हणतो, तिच्याकडे बघताना विचारायचा पहिला प्रश्न ठरला: ही खूण तुला काही आठवून देते का? ‘हे काय लिहिलंस, वाच बघू,’ एवढं म्हटलं की पुरे. दोनदा विचारल्यावर मूल दोन्ही वेळा तेच सांगत असेल, तर त्या गिचमिडीचं लेखन झालेलं आहे.

आता अक्षरांकडे येऊ. अर्जेंटिनात जन्मलेल्या एमिलिया फेरेरो यांनी जिनिव्हात झाँ पियाजे यांच्या हाताखाली संशोधन केलं आणि मग ब्युनोस आयर्समध्ये आना तेबेरोस्की यांच्याबरोबर मुलांसमोर कागद-पेन्सिल ठेवून त्या बसल्या. १९७९ साली त्यांचं स्पॅनिश भाषेतलं पुस्तक आलं आणि ‘मूल शाळेत आल्यावर लेखन शिकतं’ या समजाला सुरुंग लागला. शाळेत येण्याआधीच मुलांकडे लेखनाविषयीचे सिद्धांत तयार होते. पक्के, आणि आपल्याला चक्रावून टाकणारे.

पहिला सिद्धांत असा की एकटं अक्षर वाचता येत नाही. वाचता येण्याजोगं काही असायचं, तर निदान दोन-तीन अक्षरं हवीत, आणि तीही वेगवेगळी. एकच अक्षर तीनदा लिहून दाखवलं तर मुलं म्हणत, यात वाचण्यासारखं काही नाही. दुसरा सिद्धांत आणखी गोड. मोठ्या वस्तूचं नाव मोठं हवं! अस्वलाला जास्त अक्षरं, बदकाच्या पिल्लाला कमी. हसू येतं खरं, पण त्यामागचा विचार बघा. लेखन जगाविषयी काहीतरी सांगतं हे मुलाला कळलंय, फक्त ते आवाजाविषयी सांगतं हे अजून कळायचंय. आपल्याकडे ‘हत्ती’ दोन अक्षरांत संपतो आणि ‘फुलपाखरू’ पाच अक्षरं अडवून बसतं. या सिद्धांतावर विश्वास असलेल्या मुलाला आपली भाषा किती अन्यायी वाटत असेल!

मग एके दिवशी उजेड पडतो. शब्द तोडून म्हणता येतो, आणि जितके तुकडे तितकी अक्षरं मांडायची! स्पॅनिश मुलं या टप्प्यावर प्रत्येक तुकड्यासाठी एक अक्षर लिहायला लागली. यालाच फेरेरोंनी एका तुकड्याला एक अक्षर हे गृहीतक म्हटलं. पण इथेही भांडण होतंच. ‘पान’ म्हणजे पाव, तुकडा एकच. म्हणजे एक अक्षर? छे, एकटं अक्षर तर वाचताच येत नाही! मुलाचेच दोन नियम एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणातून त्याला तिसरा, जास्त चांगला नियम सुचतो. बाहेरून कुणी दुरुस्त केलेलं नसतं. मूल स्वतःच्याच कायद्याच्या कचाट्यात सापडतं आणि कायदा बदलतं.

इथे मराठी वाचकानं कान टवकारायला हवेत. एका तुकड्याला एक अक्षर, ही तर आपल्या देवनागरीची रीत झाली! रोमन लिपीतल्या मुलाला जिथून पुढे निघावं लागतं, तिथे आपलं मूल जवळजवळ घरी पोचतं. पण थांबा, खरी गंमत पुढे आहे.

फुलपाखराला स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘मारिपोसा’. मा, रि, पो, सा, असे चार तुकडे. या टप्प्यावरचं स्पॅनिश मूल लिहितं चार अक्षरं: आ, ई, ओ, आ. नुसते स्वर! व्यंजनं सगळी गायब. आता पहिलीतल्या मराठी मुलाला ‘फुलपाखरू’ सांगून बघा. एका विशिष्ट टप्प्यावर तुम्हाला हमखास मिळेल ‘फलपखर’. व्यंजनं सगळी जागेवर, स्वरांच्या खुणा गायब. एकाच वयाची दोन मुलं एकच प्राणी लिहितायत. एकानं हाडं टाकून मांस ठेवलं, दुसऱ्यानं मांस टाकून हाडं ठेवली. का?

कारण लिपीच तसं सुचवते. स्पॅनिशमध्ये स्वराच्या अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एकच असतो आणि ओळीत त्याला व्यंजनाइतकाच मान असतो. त्यामुळे मुलाला आधी तो सापडतो. देवनागरीत अंग व्यंजनाचं. काना, वेलांटी, उकार, मात्रा ही त्याच्या मागंपुढं, वरखाली लागणारी मंडळी. शिवाय ‘फ’ म्हटला की त्यात ‘अ’ आधीच बसलेला असतो. मुलाच्या दृष्टीनं तुकड्याची सोय झाली, आणखी काय हवं? म्हणजे ‘फलपखर’ लिहिणारं मूल निम्मं वाया गेलेलं नाही. त्यानं शब्दाचे पाच तुकडे अचूक केलेत, पाचही व्यंजनं अचूक ऐकलीत आणि क्रमानं मांडलीत.

आणि समोर डोंगर केवढा आहे, तेही बघू. इंग्रजीत अक्षरं २६. आपल्याकडे ३४ व्यंजनांना बाराखडीच्या १२ खुणा लावल्या, तरी ४०८ आकार होतात, आणि जोडाक्षरं त्यात धरलेलीच नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की अशा लिपीतली अक्षरं पुरती हातात यायला तिसरी-चौथी उजाडते. मराठी मूल पहिलीत सगळ्या खुणा लावत नसेल, तर ते मागे पडलेलं नाही. ते लांब पल्ल्याच्या वाटेवर आहे.

त्यातही वेलांटी बघा. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी उभी! कानानं सांगितलेला क्रम डोळा उलटा करून मागतो. सूर्याची तर आणखी मजा. ‘सूर्य’मधला ‘र’ आपण ‘य’च्या आधी म्हणतो, आणि लिहिताना तो रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. ज्या मुलानं ‘सुरय’ लिहिलं, त्यानं सगळं ऐकलेलं असतं, क्रमही नेमका राखलेला असतो. लिपीनं तो क्रम मोडला, मुलानं नाही.

आता या लेखातला माझा सर्वांत आवडता कागद. त्यावर लिहिलंय ‘पुसतक’.

चूक? सरळसरळ. ‘स’ अर्धा हवा. पण जरा ‘चमचा’ हा शब्द म्हणा. सावकाश म्हणा. काय ऐकू आलं? ‘चम्-चा’. मधला ‘म’ बोलताना अर्धाच आहे, त्यात ‘अ’ नाही. आणि तरी आपण लिहिताना पूर्ण ‘म’ लिहितो. ‘उलटा’ म्हणताना ‘ल’ अर्धा, लिहिताना पूर्ण. ‘घर’ म्हणताना तर ‘र’मध्ये स्वरच नाही, लिहिताना मात्र गुबगुबीत, पूर्ण ‘र’. मराठी लिहिण्यात हे ठायीठायी आहे: कानाला पाय मोडलेलं ऐकू येतं आणि कागदावर धडधाकट अक्षर येतं. ही गोष्ट मुलाला कुणी समजावून सांगत नाही. शेकडो शब्द बघून ते स्वतःच नियम काढतं की व्यंजनात स्वर ऐकू आला नाही, तरी पूर्ण अक्षर लिहायचं.

आणि मग आपण म्हणतो, ‘पुस्तक’ लिही. ‘पुस्-तक्’. त्याला ‘चमचा’ येतो. तोच कायदा ते ‘स’ला लावतं. पु, स, त, क. चूक कुठे झाली? मुलानं आपलाच नियम आपल्यापेक्षा काटेकोरपणे पाळला!

मोठ्यांना हे इतकं अंगवळणी पडलंय की आपल्याला कोडं दिसतच नाही. ‘तुम्ही काय करता?’ मधला ‘करता’ आणि व्याकरणातला ‘कर्ता’ पाठोपाठ म्हणून बघा. कानाला फरक कळतो का? जवळपास नाहीच. एकात पूर्ण ‘र’, दुसऱ्यात रफार. का? तर ‘करता’त ‘कर’ हे मूळ दिसत राहावं म्हणून, आणि ‘कर्ता’ संस्कृतातून आपलं रूप घेऊन आला म्हणून. म्हणजे लेखन नुसता आवाज नोंदवत नाही, शब्दाचं कूळही नोंदवतं. सात वर्षांच्या मुलाला हे कूळ कसं ठाऊक असणार? ते वाचून वाचून कळेल. तोवर ‘पुसतक’ हा त्याच्या विचारशक्तीचा दाखला आहे. आणि त्यात एक उपयुक्त बातमीही आहे: या मुलाला आता जोडाक्षर दाखवायची वेळ झाली.

पुढचा कागद: ‘आबा’. आजोबांविषयी लिहिलेलं नाही, फळाविषयी लिहिलंय. अनुस्वार विसरला, असा आपला शेरा. पण ‘आंबा’ म्हणताना ओठांकडे लक्ष द्या. ‘म’साठी ओठ मिटतात आणि ‘ब’साठी मिटलेलेच राहतात. दोन व्यंजनं, हालचाल एक. अनुनासिकाची सावली ‘आ’वर पडते आणि ते पुढच्या अक्षरात विरून जातं. स्वतंत्र तुकडा म्हणून ते हातात येतच नाही, मग मुलानं लिहायचं काय?

हे फक्त मराठी पोरांचं म्हणाल, तर १९७१ सालचं एक संशोधन ऐका. चार्ल्स रीड या अमेरिकी भाषातज्ज्ञानं शाळेत स्पेलिंग शिकण्याआधीच मनानं लिहू लागलेल्या मुलांचं लिखाण तपासलं. ‘बम्पी’ या शब्दातला ‘एम’ मुलं गाळत होती. ‘वॉन्टेड’मधला ‘एन’ गाळत होती. शब्दाच्या सुरुवातीला ‘एम’ आला की मात्र तो व्यवस्थित लिहीत. अगदी आपल्या ‘आंबा’ आणि ‘मासा’सारखं! भाषा वेगळी, लिपी वेगळी, खंड वेगळा. तोंडाची रचना आणि मुलाचा कान मात्र तोच. रीडना आणखी एक चीज सापडली. ‘ट्रक’सारख्या शब्दांची सुरुवात काही मुलं सी, एच, आर अशी करत, म्हणजे ‘च्र’. वेडेपणा? आता इंग्रजी माणसाच्या तोंडचा ‘ट्रक’ आठवा. सुरुवातीला ‘च’ची झाक असतेच. स्पेलिंग पाठ असल्यामुळे मोठ्यांना ती ऐकू येत नाही. मुलांना येते.

असं म्हणता येईल की मुलं आपल्यापेक्षा चांगली ऐकतात. आपण डोळ्यांनी ऐकायला लागलेलो असतो.

बरं, सगळेच शब्द एकमेकांना चिकटवून लिहिणाऱ्या मुलाचं काय? ‘मीशाळेतगेलो’. त्याला दटावण्याआधी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. शब्दांमध्ये जागा सोडता? मुळीच नाही. बोलणं सलग वाहतं, मधली मोकळी जागा ही कागदाची कल्पना आहे. आणि ती सगळ्यांनी मानलेलीही नव्हती. शतकानुशतकं मराठीचा कारभार ज्या मोडी लिपीत चालला, तिच्यात कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं टांगत सुटत. शब्द तोडण्याची पद्धत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी-उकारांचा भेदही मोडी पाळत नसे. म्हणजे सलग लिहिणारं आणि ‘मी’ला ‘मि’ करणारं पहिलीतलं मूल पेशव्यांच्या दफ्तरात सहज खपलं असतं!

ऱ्हस्व-दीर्घाविषयी एवढंच बोलून भागणार नाही, कारण मराठी वह्यांवरची निम्मी लाल शाई तिथेच आटते. ‘मि’ आणि ‘मी’ यांतला फरक बोलताना आपण करतो तरी का? शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा लेखनाचा संकेत आहे. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले आणि पुढे १९७२ साली त्यांत आणखी भर घालावी लागली. जे ठरवायला विद्वानांना बैठका माराव्या लागल्या, ते मुलानं कानानं ओळखावं अशी अपेक्षा कशी धरणार? ‘मि’ ही कानाची चूक नाही. तिला ‘फलपखर’च्या पंक्तीला बसवून एकाच मापानं गुण कापले, तर मुलाविषयी आपल्याला काहीच कळत नाही.

इथवर कान आणि डोकं झालं. पण लिहितो कोण? हात. आणि सहा वर्षांच्या मुलाचा हात हा एक अर्धवट बांधून झालेला चमत्कार आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर त्या जागी पोकळी दिसते, कारण तिथे सगळी कूर्चा असते. दोन हाडं पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात, बाकीची वर्षावर्षानं. शेवटचं तर मूल प्राथमिक शाळा संपवत आलं तरी पुरतं झालेलं नसतं. त्यातच रेघांनाही वय असतं. मूल गोल साधारण तिसऱ्या वर्षी बघून काढतं, चौकोन चौथ्याच्या सुमारास, त्रिकोण पाचव्याच्या आसपास. तिरकी रेघ सर्वांत उशिरा वश होते, कारण तिच्यात खाली आणि बाजूला एकदमच जायचं असतं. आता आपली अक्षरं डोळ्यांसमोर आणा. गाठी, वळणं, तिरके पाय. ‘ग म भ न’ने सुरुवात करायची जुनी चाल किती शहाणी होती! चौघांनाही उजवीकडे सरळ उभी रेघ. एक हालचाल बसली की चार अक्षरांना पुरते.

उलटी अक्षरं काढणाऱ्या मुलांची पालकांना फार धास्ती वाटते. इथेही मुलाचा मेंदू आपलं काम चोख करत असतो. वाघ डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, वाघ तो वाघच. कपाचा कान कुठल्याही बाजूला असो, कप तो कपच. डावं-उजवं सारखं मानायची ही सोय मेंदूला फार जुनी, आणि जगायला ती लागतेच. अक्षरांच्या जगात आल्यावर मात्र अचानक ‘३’ आणि ‘६’ वेगळे होतात, नुसतं तोंड फिरलं म्हणून! फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दुआन यांनी दाखवलंय की वाचायला शिकणं म्हणजे ही जन्मजात सोय अक्षरांपुरती बंद करायला शिकणं. त्याला वेळ लागतो. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत आरशातली अक्षरं येणं ही वाढीतली नेहमीची गोष्ट आहे.

मग वेडीवाकडी अक्षरं? त्यांची बाजू तर विज्ञानानं घेतलीय. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या लहान मुलांना अक्षरं तीन प्रकारे दिली: काही मोकळ्या हातानं काढायची, काही ठिपक्यांवरून गिरवायची, काही कळफलकावर टंकायची. मग तीच अक्षरं दाखवून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. मोठ्या माणसाचा मेंदू वाचताना ज्या भागात उजळतो, तो भाग मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांना जाग देत होता. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. त्यांनी दिलेलं एक कारण ऐकण्यासारखं आहे. मुलाचं ‘ए’ दर वेळी वेगळं येतं, कधी लांबुडकं, कधी पडकं. त्या बिघडलेल्या नमुन्यांमधूनच त्याला कळतं की ‘ए’ची हद्द कुठवर आहे. वाकडं अक्षर हा शिकण्याचा कच्चा माल आहे!

आणि हातावर एवढा भार असताना आपण त्याच वेळी मुलाला म्हणतो, ‘माझी सहल’ यावर पाच ओळी लिही. नुकती सायकल शिकणाऱ्याला कुणी पेडल मारता मारता काल काय जेवलास ते सविस्तर सांग म्हटलं, तर तो पडेल तरी किंवा गप्प तरी बसेल. सहलीच्या तीनच ओळी लिहिणाऱ्या मुलाला सहल आठवत नसते, असं नाही. तेच मूल तोंडी सांगू लागलं की थांबत नाही. म्हणून जाणकार शिक्षक दोन्ही ऐकतात: बोलताना काय येतं आणि लिहिताना त्यातलं किती उरतं. त्या दोन्हींमधलं अंतर हेच त्या मुलाचं खरं मोजमाप.

हे सगळं गुणांत धरायचं कसं? न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनी एक साधी, सुंदर युक्ती काढली. मुलाला एक वाक्य सांगायचं आणि जमेल तसं लिहू द्यायचं. मग शब्द बरोबर की चूक हे बघायचंच नाही. वाक्यातले ३७ आवाज ठरवून ठेवायचे आणि त्यांतले किती त्याला ऐकू आले आणि कागदावर आले, ते मोजायचे. शिवाय दहा मिनिटं द्यायची आणि येत असतील तेवढे शब्द लिहायला सांगायचे. ना धडा, ना पाठांतर.

याच पद्धतीनं आपण एक कागद तपासू. समजा, एका मुलीला लिहायचं होतं ‘मी मामाच्या गावाला गेले’ आणि तिनं लिहिलं ‘मि ममचय गवल गेल’. लाल पेन म्हणतं, चार शब्द, चारही चूक. आता मोजा. वाक्यात व्यंजनं दहा. तिनं लिहिली दहा, सगळी अचूक, क्रमानं. शब्दांमध्ये जागा तीनही ठिकाणी. ‘गे’वर मात्रा आहे, म्हणजे खूण लावायची असते हे तिला माहीत आहे. ‘मि’ हा नुसता संकेताचा प्रश्न, तो बाजूला ठेवू. ‘च्या’चं जोडाक्षर अजून शिकायचंय. ‘ले’ची मात्रा एकदा सुटली. आणि काना? सहा ठिकाणी हवा होता, सहाही ठिकाणी नाही. सहा चुका? छे! एकच गोष्ट, सहा वेळा. या मुलीला बहुधा ‘म’ आणि ‘मा’ यांतलं अंतर अजून नीट पकडता आलेलं नाही. आठवडाभर कान्याचे खेळ घेतले की अर्ध्याहून जास्त वाक्य आपोआप सरळ होईल. शून्य गुणांत ही बातमी कुठे होती?

आता तिच्या शेजारचा मुलगा. वही सुवाच्य, फळ्यावरचं एकूण एक अक्षर तंतोतंत, दहापैकी दहा. त्याला म्हणा, काल काय केलंस ते लिही. पेन्सिल हलत नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर भागात मराठी आणि कन्नड मुलांचा तीन वर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०१७ साली आला. वर्गातलं लेखन म्हणजे बहुतांशी उतरवून घेणं, हेच चित्र त्यात दिसलं. उतरवलेल्या मजकुरात चुका नसतात, म्हणून त्यातून मुलाचं डोकंही दिसत नाही. तपासायला काही मिळायचं असेल, तर मुलाला चुकायची जागा द्यावी लागते.

तुमच्या आसपास सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर ही तपासणी आज घरीच करून बघा. चार शब्द सांगा: फुलपाखरू, आंबा, पुस्तक आणि टुंपकी. शेवटचा शब्द मी आत्ताच बनवलाय, तो कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून तर तो कामाचा. पहिले तीन शब्द मुलाला पाठ असू शकतात, ‘टुंपकी’ पाठ असणं शक्य नाही. तिथे जे उमटेल तो त्याचा स्वतःचा नियम. ‘टुपकी’ आलं, तर कान ‘आंबा’च्याच टप्प्यावर आहे. ‘टपक’ आलं, तर हाडं हाती आलीत, मांस यायचंय. ‘टुंप्की’ असं ‘प’ला अर्धं करून आलं, तर समजा, जोडाक्षर नुकतंच गवसलंय आणि आता ते दिसेल तिथे लावायचा सोस आहे.

आणि ‘पुसतक’ आलं, तर दुरुस्त करायची घाई करू नका. आधी विचारा, हे कसं ठरवलंस? मग विचारा, चमचा कसा लिहिशील? दोन्ही शब्द शेजारी मांडा आणि हा घोटाळा काय आहे, ते त्यालाच शोधू द्या. तुम्हालाही त्याचं उत्तर सोपं जाणार नाही.